पुराचं पाणी लागलेली मस्टँग स्वस्तात मिळतेय, घ्यावी का?

तू लिहिलंयस की फोर्ड मस्टँग जीटी आहे, 2017 ची, चेन्नई पासिंग, एकच मालक, किलोमीटर कमी. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळाचा पाऊस झाला तेव्हा सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी होती, डीलर म्हणतो पाणी फक्त कार्पेटपर्यंत आलं होतं, सगळं ड्राय करून नवीन कार्पेट टाकलंय, आणि किंमत 24 लाख, एरवी अशी गाडी चाळीसच्या खाली कुणी दाखवत पण नाही. आणि शेवटी विचारलंयस, दादा घेऊ का.

नको घेऊ. पण नुसतं नको म्हणून सोडत नाही, कारण ही हातची गेली की महिन्याभरात तुला दुसरी कुणीतरी दाखवणारच आहे, तेव्हा तुझं तुला बघता आलं पाहिजे. मी पुण्यात इम्पोर्टेड गाड्यांचं इलेक्ट्रिकल आणि डायग्नोसिसचं काम करतो, पाणी लागलेल्या गाड्या दर पावसाळ्यानंतर येतातच, त्यात 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंगमध्ये शिरलं त्यानंतर तर रांगच लागली होती. त्यामुळं जे लिहितोय ते गाडी उघडून बघितलेलं लिहितोय.

आधी हे "फक्त कार्पेटपर्यंत" काय असतं ते समजून घे, कारण सगळा खेळ या दोन शब्दांवर चाललाय. कार्पेट भिजलं म्हणजे पाणी फ्लोअरच्या वर आलं. आणि फ्लोअरच्या खाली काय काय आहे बघ. मस्टँगचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, म्हणजे हायड्रॉलिक पंप वगैरे नाही, स्टिअरिंग रॅकलाच मोटर आणि तिचं कंट्रोल युनिट लावलेलं असतं आणि तो सगळा रॅक पुढच्या क्रॉसमेंबरवर, अगदी खाली. स्टार्टर खाली. सायलेन्सरच्या पाइपातले ऑक्सिजन सेन्सर खाली, चारही चाकांचे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टम) सेन्सर खाली, मागचा डिफरेन्शिअल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, खाली. म्हणजे कार्पेट ओलं व्हायच्या आधी या सगळ्यांनी डुबकी मारलेली आहे, आणि बेसमेंटमधलं पाणी तासाभरात जात नाही, पंप लावून काढेपर्यंत दोन दोन चार चार दिवस तसंच असतं. एसयूव्हीमध्ये हीच पाण्याची उंची असती तर कदाचित टायरवर निभावलं असतं, स्पोर्ट्स कार बसतेच इतकी खाली की तेवढंच पाणी तिच्या पोटात जातं.

आता जुने जाणते लोक तुला सांगतील की अरे काही होत नाही, वाळवली की चालते, आमची गाडी 26 जुलैच्या पुरात बुडाली होती आणि नंतर दहा वर्षं चालवली. खरं आहे ते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यात अडकलेल्या बऱ्याचशा गाड्या साध्या होत्या, एक इंजिनचा ईसीयू म्हणजे कंप्युटर, बाकी दिवे हॉर्न वायपर. त्या वाळायच्या. आजच्या मस्टँगमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, बॉडी कंट्रोल, क्लस्टर (समोरचा मीटर), टचस्क्रीन, पार्किंग, प्रत्येकाचं वेगळं मॉड्यूल, म्हणजे छोटा कंप्युटर, आहे आणि ते एकमेकांशी कॅन बस नावाच्या दोन बारीक वायरींवरून बोलतात, त्यातल्या एका कनेक्टरमध्ये ओल राहिली तर ज्याचा काही संबंध नाही असं भलतंच काहीतरी बंद पडतं. काच खाली घेतली की क्लस्टरवर एबीएसचा दिवा लागतो, असले प्रकार. गिऱ्हाईक सांगतं तेव्हा खोटं वाटतं पण होतं तसं.

पाणी वायरिंगचं काय करतं ते मी एकदा नीट सांगतो कारण डीलरच्या "सगळं ड्राय केलंय" ला खरं उत्तर इथंच आहे. फ्लोअरवरून, दाराच्या उंबऱ्याला लागून, कार्पेटच्या खालून हार्नेसचा, म्हणजे एकत्र बांधलेल्या वायरींचा, जाडजूड बंडल मागं जातो. कनेक्टर पाण्यात बुडाला की पाणी पिनपाशी थांबत नाही, तांब्याच्या बारीक तारांच्या मधून ते दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं इन्सुलेशनच्या आतून वर चढतं. बाहेरून वायर कोरडी, चकचकीत. मी अशा गाडीची वायर कनेक्टरपासून वीतभर अंतरावर सोलून बघतो, आत तांबं लाल नसतंच, काळं पडलेलं असतं नाहीतर हिरवी भुकटी होऊन बोटाला लागते, जरा वाकवली की तार तुटते. हे हेअर ड्रायरनं, हीटरनं, उन्हात ठेवून, कशानंच निघत नाही. आणि त्यात बॅटरी जोडलेली असेल, जी बेसमेंटमध्ये उभ्या गाडीला असतेच, कारण पाणी शिरत असताना खाली जाऊन बॅटरी कोण काढणार, तर मग पाण्यातून करंट वाहत राहतो आणि पिना काही तासांत खाऊन टाकतो. नुसतं पाणी लागून गंज यायला महिने लागतात, करंटखाली तेच काम एका रात्रीत होतं. वर हे काही पिण्याचं पाणी नव्हे, गटाराचं, चिखलाचं, समुद्राजवळ असेल तर खारं, आणि मिचाँगच्या वेळी उत्तर चेन्नईत एन्नोर खाडीच्या बाजूला तर पुराच्या पाण्यात तेलही पसरलं होतं.

म्हणून अशी गाडी डिलिव्हरीच्या दिवशी मस्त चालते. टेस्ट ड्राइव्ह घे, एक नंबर. त्यानं तिला वाळवून, साफ करून, कंप्युटरमधले फॉल्टचे कोड इरेज करून उभी केलेली असते. त्रास चालू होतो तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, पहिल्या पावसाळी हवेत, आणि तो पण सलग नाही, आला गेला आला गेला. असा फॉल्ट पकडायला वर्कशॉपमध्ये जो वेळ जातो त्याचे पैसे कुठलाही मालक आनंदानं देत नाही. माझ्याकडं एक दोन दरवाजांची जर्मन गाडी आलेली, दुसऱ्या राज्यातून आणलेली, घेणाऱ्याला पाण्याचं काही सांगितलेलंच नव्हतं. एक्सप्रेसवेवर घाट उतरताना वळणात स्टिअरिंगचा असिस्ट, म्हणजे मोटरची मदत, गेला, स्टिअरिंग एकदम दगडासारखं झालं. नशीब म्हणायचं की दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि डाव्या लेनमध्ये होता. गाडी टो करून आणली तर चालू केल्यावर असिस्ट परत ठणठणीत. रॅकच्या मोटरचा कनेक्टर काढला, आतून गाळाचा बारीक पिवळसर थर सुकून बसलेला, नखानं खरवडला तर पावडर पडली. तिथं मला कळलं की ही गाडी पाण्यात होती, मालकाला मी सांगितल्यावर कळलं.

चारशे पीएसच्या गाडीत हे होणं म्हणजे काय याचा विचार कर. मस्टँग जीटीचं पाच लिटर व्ही8 भारतात 401 पीएस देतं. ही गाडी तू काही गणपतीच्या गर्दीत चालवायला घेत नाहीयेस, पुणे बंगलोर हायवेला पहाटे दाबायलाच घेणार आहेस ना. एबीएसचा एक सेन्सर, स्टिअरिंगचा एक कनेक्टर, एवढ्यावर तुझा आणि शेजारच्या सीटवर बसलेल्याचा जीव आहे.

एअरबॅगचं तर मी जास्तच मनावर घेतो. जवळजवळ प्रत्येक गाडीत एअरबॅगचं मॉड्यूल मधल्या बोगद्यावर, गिअर कन्सोलच्या खाली, फ्लोअरला बोल्ट केलेलं असतं, आणि सीटखालचे पिवळे कनेक्टर असतात ते साइड एअरबॅग आणि बेल्टच्या प्रीटेन्शनरचे, जो धडकेत बेल्ट आवळतो. कार्पेट बुडालं की हे बुडलंच. मग दिवा लागतो, आणि नवीन मॉड्यूल, नवीन वायरिंग टाकण्यापेक्षा तो दिवाच घालवणं स्वस्त पडतं. कुणी कनेक्टरला रेझिस्टर लावून सिस्टमला फसवतं, कुणी क्लस्टर उघडून दिवाच बंद करतं. तुला करायचं काय, इग्निशन ऑन कर आणि एअरबॅगच्या दिव्याकडं बघ, तो काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर तिथूनच चालता हो. रेझिस्टरवालं मात्र असं डोळ्यांनी दिसत नाही, कनेक्टर उघडावेच लागतात.

इंजिनाकडं येऊ. उभ्या गाडीत पाणी शिरलं तर इंजिनाला धोका कमी असतो, पण बेसमेंटच्या गाडीत नेहमी एक प्रश्न विचारायचा, पाणी उतरल्यावर पहिला सेल्फ कुणी मारला? कारण एअर फिल्टरपर्यंत पाणी गेलेलं असेल आणि घाबरून कुणी स्टार्ट केली असेल तर पाणी सिलिंडरमध्ये जातं, हवा दाबली जाते पाणी दाबलं जात नाही, आणि वर येणारा पिस्टन त्याला आपटून कनेक्टिंग रॉड वाकवतो. जास्त वाकला तर ब्लॉक फोडून बाहेर येतो, ते परवडलं, निदान कळतं तरी. वाईट असतो तो थोडासा वाकलेला रॉड. इंजिन चालू होतं, आवाज पण ठीक वाटतो, फक्त तो पिस्टन वर यायचा तितका येत नाही. मग एखाद्या दिवशी रेड लाइनला, म्हणजे इंजिनच्या कमाल फेऱ्यांना, नेलं की तुटतो. हे पकडायचं असेल तर आठही प्लग काढायचे, कॉम्प्रेशन घ्यायचं, एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा कमी आला तर लीक डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघणं) घ्यायची, लीक नाही तरी कॉम्प्रेशन कमी म्हणजे रॉडवर संशय. आणि प्लगच्या भोकातून बोअरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, घालून सिलिंडरच्या भिंतीवर वरच्या कडेला कार्बनचा पट्टा बघायचा, वाकलेल्या रॉडच्या सिलिंडरमध्ये तो पट्टा इतरांपेक्षा रुंद दिसतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे, डीलर करू देत नसेल तर त्यातच उत्तर आलं.

डिफरेन्शिअल आणि गिअरबॉक्सला ब्रीदर, म्हणजे हवा जायचं छोटं भोक, असतो, त्यातून पाणी आत जातं, विशेषतः गाडी नुकतीच चालवून गरम अवस्थेत लावलेली असेल तर थंड झाल्यावर ते आत ओढलं जातं. ऑटोमॅटिकच्या तेलात पाणी मिसळलं की क्लच प्लेटचं फ्रिक्शन मटेरियल सुटायला लागतं. तेल बदललं म्हणून झालेलं नुकसान परत येत नाही, मग चार सहा महिन्यांनी गिअर घसरायला लागतात.

आता कागदपत्रांचं. अमेरिकेत पुरात गेलेल्या गाडीच्या टायटलवरच साल्व्हेज किंवा फ्लड असा शिक्का बसतो, आपल्या आरसीवर तसं काही लिहून येत नाही, इथंच आपला घात होतो. आपल्याकडं दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांच्या वर गेला की इन्शुरन्स कंपनी गाडी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे मिळतात, आणि सांगाडा लिलावात जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणं गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, पण लिलावातून घेणारा दुरुस्त करून विकायलाच घेतो त्यामुळं आरसी तशीच चालू राहते. आणि मग ती गाडी ज्या राज्यात पूर आला तिथं विकत नाहीत, लांब नेऊन विकतात. चेन्नईची गाडी तुझ्यासारख्या कोल्हापूरच्या माणसाला का दाखवतायत याचं कारण हे असू शकतं.

म्हणून डीलरकडं 2022 पासूनच्या सगळ्या पॉलिसीच्या कॉपी माग. नो क्लेम बोनसचा आकडा बघ. तो क्लेम नसेल तर दरवर्षी 20, 25, 35, 45, 50 टक्के असा चढत जातो आणि क्लेम घेतला की शून्य. मालक तोच आहे, 2023 च्या पॉलिसीवर 50 टक्के आहे आणि पुढच्या वर्षी शून्य, तर मधे क्लेम झालाय, कुठला झालाय ते त्या कंपनीकडून मालकाकरवी लेखी माग. पण इथं एक मेख आहे, बोनस शाबूत असला म्हणजे गाडी कोरडी होती असं नाही. पाण्यात स्टार्ट केल्यामुळं इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत तो खर्च मिळत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. ज्याच्याकडं ते नव्हतं त्यानं क्लेमच न टाकता बाहेरच्या गॅरेजमध्ये जुगाड करून गाडी विकून टाकली असं मी बघितलंय. कागद स्वच्छ, गाडी खलास.

तुझ्या डीलरनं पाणी लागल्याचं मान्य केलंय म्हणजे इन्शुरन्सच्या सर्व्हेअरचा रिपोर्ट असणारच, क्लेम झाला असेल तर. त्यात पाण्याची पातळी लिहिलेली असते, फोटो असतात. तो माग. "तो मालकाकडं आहे, मालक बाहेरगावी आहे" हे उत्तर येईल, तयार राहा. वाहन पोर्टलवर मालक क्रमांक, हायपोथिकेशन (गाडीवर कर्ज आहे का), इन्शुरन्सची तारीख, ब्लॅकलिस्ट हे सगळं बघ. चासी नंबर स्वतः गाडीवर वाच, आरसीशी ताड, कारण साल्व्हेज गाडीची आरसी आणि चोरीची गाडी अशी जोडी लावून विकायचा धंदा पण चालतो. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं ऑथोरायझेशन लागतं, ते आहे का विचार. आणि पुढं तुझा इन्शुरन्स उतरवताना ही हिस्ट्री लपवलीस तर तुझा क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळेल.

प्रत्यक्ष गाडी बघायला जाशील तेव्हा नवीन कार्पेट, सुगंधी परफ्यूम, पॉलिश याकडं बघूच नको, जिथं साफ करणाऱ्याचा हात पोचत नाही तिथं बघ. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून काढ, रीलच्या जवळचा भाग कधी कुणी धुवत नाही, तिथं गाळाची रेषा असते. सीटखाली मोबाइलचा टॉर्च मारून स्प्रिंग आणि रुळाचे बोल्ट बघ, कमी किलोमीटरच्या गाडीत तिथं लाल गंज यायचं काही कारणच नाही. फ्लोअरला घट्ट बसलेल्या बोल्टांच्या डोक्यावर पान्याचे ओरखडे असतील तर सीट आणि कन्सोल बाहेर काढलेले आहेत. डिकीतलं कव्हर उचलून खालचा खड्डा, हेडलाइटच्या आत वाळलेले थेंब, स्पीकरच्या जाळीत माती, दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं. काचा बंद करून दहा मिनिटं हीटर फुल ठेव आणि मग वास घे, परफ्यूम उडतो आणि खालचा कुबट वास वर येतो. चिखल बॉडीच्या पोकळ भागात पण शिरतो आणि तिथं ओल धरून आतून पत्रा खातो, पण ते तुला दिसणार नाही, त्यासाठी लिफ्टवर घ्यावी लागेल.

आणि स्कॅन. साध्या ओबीडी स्कॅनरवर, म्हणजे गाडीला जोडून फॉल्ट कोड वाचायच्या यंत्रावर, "नो फॉल्ट" दाखवलं म्हणून खूश होऊ नकोस, तो इंजिनच्या पलीकडं फारसं वाचत नाही. फोर्डसाठी फोरस्कॅनसारखं सगळी मॉड्यूल वाचणारं सॉफ्टवेअर लाव. प्रत्येक मॉड्यूल जागेवर उत्तर देतंय का, कम्युनिकेशन तुटल्याचे इंग्रजी U अक्षरानं चालू होणारे जुने कोड आहेत का, आणि मॉड्यूलमध्ये साठवलेला व्हीआयएन (चासी नंबर) गाडीच्या व्हीआयएनशी जुळतो का. नाही जुळला तर ते मॉड्यूल दुसऱ्या कुठल्या गाडीतून काढून टाकलंय. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीनं स्वतःच केलेल्या तपासण्या, अपूर्ण दाखवत असतील तर कोड आत्ताच उडवलेत, तुझ्यासाठीच.

दुरुस्त करून घेतो म्हणशील, तेही गणित सांगतो. तुला नीट करायची असेल तर अख्खा फ्लोअर हार्नेस, एअरबॅग मॉड्यूल, बेल्ट, स्टिअरिंग रॅक, सेन्सर, सगळं नवीन टाकावं लागेल. मस्टँग भारतात पूर्ण बनून आलेली गाडी, 2016 ला आली तेव्हा दिल्ली एक्स शोरूम 65 लाख होती, आणि सप्टेंबर 2021 मध्ये फोर्डनं इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. असले पार्ट बाहेरून मागवायचे, ड्युटी भरायची, वाट बघायची. किमतीत जे 16 लाख वाचले असं तुला वाटतंय त्यातले बरेचसे यातच जातील, आणि एवढं करून विकायला काढशील तेव्हा पूर लागलेली गाडी म्हणूनच भाव येईल. महाराष्ट्रात आणायचा टॅक्स आणि चेन्नईची एनओसी वेगळीच. ज्याच्याकडं स्वतःची दुसरी मस्टँग आहे आणि पार्टसाठी हवी आहे त्याच्यासाठी ही गाडी ठीक, तीसुद्धा 24 ला नाही. रस्त्यावर चालवायला नाही.

तुझं बजेट 24 च असेल तर महाराष्ट्र पासिंगची, सर्व्हिस रेकॉर्ड असलेली, कमी पॉवरची पण कोरडी गाडी बघ, जुनी बीएमडब्ल्यू झेड4 किंवा ऑडी टीटी त्याच्या आसपास मिळू शकते. मात्र झेड4 चं छत उघडणारं असतं, तिचे ड्रेन चोक झाले तर पूर न येता पण आत पाणी साचतं, विशेषतः 2009 च्या आधीच्या मॉडेलमध्ये छताची हायड्रॉलिक मोटर खाली कोपऱ्यात असते आणि ती त्यातच जाते, म्हणजे तिथं पण कार्पेटखाली हात घालून बघायचंच. डीलरनं सर्व्हेअरचा रिपोर्ट दिला तर नाव नंबर झाकून इथं टाक, पाण्याची पातळी कुठं लिहिलीय आणि कुठले पार्ट बदलायला सांगितले होते ते वाचून सांगतो.